गुरुजींचा नकार आणि साहेबांचा नकार

१७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा नवरात्र चालू होते. आमच्याकडे सप्तशतीच्या पाठाला येणारे गुरुजी पाठ आटोपून चहाला बसले आणि म्हणाले, ‘‘नाही म्हणाले ते बरं झालं. नाहीतर उद्या दोन मुलगे दारात उभे राहिले असते, लग्न लावा म्हणून. मी नाही म्हटलं की माझ्यावर केस.’’

मी हसलो, आणि मग हसल्याचे मलाच वाईट वाटले. गुरुजी सत्तरीचे. आयुष्यभर पौरोहित्यावर घर चालवलेला माणूस. त्यांना कोणाचा द्वेष नव्हता, भीती होती. ती भीती त्यांनी चार शब्दांत सांगितली, आणि न्यूयॉर्क, लंडन, कॅनबेरा इथल्या कायदेमंडळांनी तिच्यावरच दिवसच्या दिवस खर्च केले आहेत.

समलिंगी जोडप्यांना विवाहाचा कायदेशीर हक्क मिळायला हवा, असे माझे मत आहे. ते आधीच सांगून टाकतो. पण माझ्यासारखे मत असलेली माणसे धर्मस्वातंत्र्याचा विषय निघाला की चटकन कपाळाला आठ्या घालतात. हा सगळा बहाणा आहे, असे समजून पुढे जातात. बहाणा असतोही पुष्कळदा. तरी गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर ‘घाबरू नका हो’ असे असून चालणार नाही. ते कायद्याच्या मजकुरात, कलमाच्या आकड्यासह असले पाहिजे. आणि ते एकदा लिहायला बसले की नकार देणारी सगळी माणसे एका माळेत ओवता येत नाहीत, हे लक्षात येते.

न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटमध्ये २४ जून २०११ ला समलिंगी विवाहाचे विधेयक ३३ विरुद्ध २९ मतांनी मंजूर झाले. शेवटच्या दिवसांत घासाघीस चालली होती ती धर्मसंस्थांना कोणकोणती सूट द्यायची यावर. चर्चने विवाह लावायला नकार दिला, सभागृह दिले नाही, तर दावा लावता येणार नाही, असे कलम पडले. कायद्याचा एखादा भाग न्यायालयाने रद्द केला तर सगळाच कायदा रद्द व्हावा, अशीही मेख मारून ठेवली, म्हणजे सूट काढून घेऊन विवाह तेवढा ठेवता येऊ नये. त्या कलमांवाचून काही रिपब्लिकन मते मिळाली नसती. ऑस्ट्रेलियात २०१७ च्या टपाली कौलात ६१.६ टक्के लोकांनी होकार दिला, आणि त्यानंतर जो कायदा झाला त्याच्या नावातच ‘धार्मिक स्वातंत्र्ये’ हे शब्द घातले गेले. आयर्लंडमध्ये मे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के मते बाजूने पडली. ज्यांचे वडील मुंबईचे आणि घराण्याचे मूळ मालवणजवळच्या वराडचे, ते लिओ वराडकर तेव्हा आरोग्यमंत्री होते. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्यांनी आपण समलिंगी असल्याचे रेडिओवर सांगितले होते. दोन वर्षांनी ते पंतप्रधान झाले. कोकणातल्या लोकांना हे पाठ आहे. सार्वमतानंतर तिथे झालेल्या कायद्यात एक कलम आहे, ते मात्र आपल्याकडे कोणी सांगत नाही: कोणत्याही धर्मसंस्थेला किंवा तिच्या विवाह लावणाऱ्याला असा विवाह लावण्याची सक्ती नाही.

इंग्लंडचे उदाहरण सर्वांत मजेशीर. तिथे चर्च ऑफ इंग्लंड हे राज्याचे चर्च. आपल्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, राहणाऱ्या जोडप्याचा विवाह लावणे हे तिथल्या धर्मगुरूचे कायदेशीर कर्तव्य असते. ‘मला जमणार नाही’ असे त्याला सहसा म्हणता येत नाही. म्हणजे २०१३ चा कायदा नुसता ‘आजपासून समलिंगी विवाह चालतील’ एवढेच म्हणाला असता, तर ते कर्तव्य आपोआप समलिंगी जोडप्यांनाही लागू झाले असते. म्हणून कायद्याला चार कुलुपे घातली. धर्मसंस्थेने स्वतः ठरवल्याशिवाय विवाह नाही. संस्थेने ठरवले तरी एकट्या धर्मगुरूवर सक्ती नाही. नकार दिला म्हणून भेदभावाचा दावा नाही. आणि राज्याच्या चर्चला या कायद्यातून पूर्ण वगळलेले. डेन्मार्कने २०१२ मध्ये उलट वाट धरली. तिथले राज्याचे चर्च समलिंगी विवाह लावते, एखाद्या धर्मगुरूला मनाविरुद्ध वाटले तर तो बाजूला होतो, आणि दुसऱ्याची सोय लावणे ही बिशपची जबाबदारी.

हे सगळे वाचताना आपले गुरुजी कुठे बसतात, हे पाहायला हवे. ते बसतच नाहीत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे विवाह दोघांपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे होतो. तो कोणी लावायचा याचा परवाना सरकार देत नाही. गुरुजी सरकारचे कोणी नाहीत. महाराष्ट्रात नोंदणीच्या अर्जावर त्यांची सही लागते, पण ती लग्न लावल्याची खूण म्हणून. आजही गुरुजी कमी दक्षिणेचे लग्न नाकारू शकतात, लांबचा प्रवास आहे म्हणून नाकारू शकतात. मुहूर्ताच्या दिवसांत तर ते निम्म्या लोकांना नाकारतातच. त्यांच्यावर आजवर केस झाली नाही, होणारही नाही. राज्यघटनेची २५ आणि २६ ही कलमे त्यांच्या पाठीशी आहेत.

चर्चचे प्रकरण थोडे वेगळे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे पाद्र्याला विवाह लावण्याचा अधिकार असतो, तो नोंदवहीही ठेवतो. त्याच्या हातात राज्याची थोडी सत्ता असते. गोव्यात तर आधी नागरी निबंधकाकडे जायचे आणि त्याचा दाखला घेऊन मग चर्चमध्ये, अशी पद्धत आहे. तिथला नागरी विवाहाचा कायदा १९१० चा, पोर्तुगीज प्रजासत्ताकाने आल्या आल्या केलेला. ‘भिन्न लिंगाच्या दोन व्यक्तींमधला करार’ अशी त्यात विवाहाची व्याख्या आहे. ज्या पोर्तुगालने ती लिहिली त्याने आपल्या घरी ती २०१० मध्ये बदलली. गोव्यात ती अजून चालते. तेव्हा पणजीचा किंवा वसईचा एखादा पाद्री गुरुजींसारखाच प्रश्न विचारेल, तर त्याची भीती गुरुजींपेक्षा जास्त साधार आहे, आणि त्याच्यासाठी कायद्यात स्पष्ट वाक्य हवे. ते द्यायला माझ्यासारख्याचे काहीच जात नाही. ज्या धर्मगुरूला आपल्या लग्नात पाप दिसते त्याच्याकडून आशीर्वाद वसूल करायची हौस कोणाला असेल, असे मला वाटत नाही.

इथवर सोपे होते. आता कचेरीत जाऊ.

जून २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केल्यावर केंटकी राज्यातल्या रोवन काउंटीच्या क्लार्क किम डेव्हिस यांनी विवाहाचे परवाने देणेच बंद केले. समलिंगी जोडप्यांचेच नव्हे, सगळ्यांचेच. परवान्यावर आपले नाव छापले जाते, म्हणजे आपली संमती छापली जाते, हा त्यांचा मुद्दा. न्यायालयाचा आदेश मोडला म्हणून त्या पाच दिवस कोठडीत होत्या. देशभर कोणी त्यांना हुतात्मा केले, कोणी खलनायिका. पुढच्या वर्षी केंटकीच्या कायदेमंडळाने परवान्याच्या नमुन्यावरून क्लार्कचे नावच काढून टाकले. मला ही शेवटची गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. नावच नको होते तर ते काढणे एका छापखान्याचे काम होते. पण मूळ मागणी त्याच्या पुढची होती: खिडकीशी आलेल्या माणसाला मी परत पाठवणार.

दारूच्या परवान्याच्या कागदावर सही करणारा माळकरी अधिकारी महाराष्ट्राने पाहिलेला आहे. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते, आषाढीला तो रजा टाकून वारीला जातो आणि आल्यावर परमिट रूमच्या नूतनीकरणाच्या फायली हातावेगळ्या करतो. त्या सहीने त्याने दारू प्याली असे पंढरीचा विठोबा मानत नाही, त्याच्या फडातले वारकरीही मानत नाहीत. सही शासनाची आहे, माळ त्याची आहे.

यावर एक आक्षेप मात्र खरा आहे. लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या एका निबंधक बाई नोकरीला लागल्या तेव्हा समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीचा कायदाच नव्हता. तो नंतर आला आणि कामात भर पडली. त्यांनी नकार दिला, प्रकरण थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले आणि २०१३ मध्ये त्या हरल्या. निकाल बरोबर होता असे मला वाटते, पण बाईंच्या बाजूला काहीच नव्हते असे नाही. खेळ सुरू असताना नियम बदलला होता. अशा जुन्या कर्मचाऱ्याला साहेबाने गुपचूप दुसऱ्या टेबलावर बसवले तर माझी तक्रार नाही. युटा राज्याने २०१५ मध्ये जवळजवळ हेच केले: क्लार्कच्या कचेरीने विवाह लावायला तयार असलेला कोणीतरी माणूस कायम उपलब्ध ठेवायचा. म्हणजे जबाबदारी कचेरीवर, अमुक एका माणसावर नाही. युटा म्हणजे मॉर्मन पंथाचा बालेकिल्ला, आणि त्याच वर्षी तिथे नोकरी आणि घर यांत समलिंगी लोकांना संरक्षण देणारा कायदाही त्या चर्चच्या पाठिंब्याने झाला. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी संसदेने विवाहाच्या मान्यतेचा कायदा केला, त्यालाही त्या चर्चचा पाठिंबा होता, कारण धर्मसंस्थांवर सक्ती नाही हे त्यात लिहिले होते.

पण टेबल बदलण्याच्या या सवलतीचा हक्क झाला की काय होते, ते दक्षिण आफ्रिकेने पाहिले. तिथे २००६ मध्ये कायदा झाला. आफ्रिका खंडातला पहिला. त्याच्या कलम ६ मध्ये सरकारी विवाह अधिकाऱ्याला एक मुभा होती: सदसद्विवेकाला पटत नाही असे लेखी कळवायचे, की समलिंगी जोडप्याचे काम त्याच्याकडे येणार नाही. कागदावर किती सौम्य वाटते. प्रत्यक्षात गृहखात्याच्या सुमारे अकराशे विवाह अधिकाऱ्यांपैकी चारशेहून जास्त जणांनी ही मुभा घेतली. जोहान्सबर्गच्या मोठ्या कचेरीत चालूनही जाते, शेजारचा अधिकारी येतो. छोट्या गावच्या कचेरीत एकच अधिकारी असेल आणि त्यानेच तो कागद दिलेला असेल, तर त्या गावापुरता कायदा रद्द. शेवटी २०२० मध्ये संसदेने ते कलमच काढून टाकले. आपल्याकडे हे कसे दिसेल ते डोळ्यांसमोर आणायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. तालुक्याच्या गावी एक साहेब, ते रजेवर, लिंक डाऊन, आणि वर आता त्यांचा सदसद्विवेक.

अमेरिकेतला वाद गाजला तो मात्र केकचा. कोलोरॅडोतल्या लेकवुडच्या बेकरीवाल्याने २०१२ मध्ये एका जोडप्याला लग्नाचा केक करून द्यायला नकार दिला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ७ विरुद्ध २ असा जिंकला. पण केक नाकारता येतो का, यावर नव्हे, राज्याच्या आयोगाने त्याच्या श्रद्धेबद्दल हेटाळणीची भाषा वापरली, यावर. मूळ प्रश्न लटकतच राहिला. २०२३ मध्ये त्याच राज्यातल्या एका वेबसाइट बनवणाऱ्या बाईंना ६ विरुद्ध ३ मतांनी नकाराचा हक्क मिळाला. त्यांनी अजून कोणाच्या लग्नाची वेबसाइट बनवलेलीही नव्हती.

आपल्याकडे केकच्या जागी आचारी, मंडपवाला, फोटोग्राफर, मेंदीवाली, पत्रिका छापणारा. आणि हा प्रश्न आपल्या घटना समितीत येऊन गेला आहे, केकचा नव्हे, हजामतीचा. आज जे कलम १५ आहे त्यावर २९ नोव्हेंबर १९४८ ला चर्चा झाली. दुकानात प्रवेश नाकारता येणार नाही, असे त्यात होते. दुकान म्हणजे काय, असा प्रश्न निघाला. धोब्याचे दुकान येते का? केशकर्तनालय? डॉ. आंबेडकरांचे उत्तर असे होते की, इथे दुकान हा शब्द व्यापक अर्थाने आहे. जो कोणी येईल त्याला आपली सेवा द्यायला मालक तयार असतो ती जागा म्हणजे दुकान, आणि अटी पटल्या की सेवा दिली पाहिजे, नुसते आत येऊ देणे पुरेसे नाही. दलिताचे केस कापायला नकार देणारा न्हावीही धर्मच पुढे करत होता, आणि तो खोटे बोलत होता असेही नाही. त्याला खरोखरच विटाळ वाटत असे. घटनेने त्याच्या वाटण्याचा मान राखला नाही, हे योग्यच केले. कलम १५ मधल्या ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलही येतो, हे २०१८ मध्ये, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या निकालात म्हटले गेले आहे. दोन्ही जोडून वाचली की आचाऱ्याचा प्रश्न माझ्यापुरता सुटतो. पंगत कोणाची आहे ते विचारायचे नाही, पाने किती ते विचारायचे.

पत्रिका छापणाऱ्यापाशी मी जरा थांबतो. बेलफास्टच्या एका बेकरीकडे ‘समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या’ असे लिहिलेला केक मागितला गेला, बेकरीने नाही म्हटले, आणि २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बेकरीच्या बाजूने निकाल दिला. कारण गिऱ्हाईक समलिंगी आहे म्हणून तो नकार नव्हता; तीच घोषणा दुसऱ्या कोणी मागितली असती तरी बेकरीने लिहिली नसती. मला हा भेद पटतो. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ छापून देणारा कोणाचेही नाव त्याखाली छापू शकतो. पण त्याला स्वतःला अमान्य असलेली घोषणा छापायला लावणे हे वेगळे. हाच भेद उलटही लागू पडतो: समलिंगी चित्रकाराला त्यांच्याच विरोधातल्या मोर्चाचा फलक रंगवायला कोणी भाग पाडू नये.

मंगल कार्यालय आणि देवस्थानाचा हॉल ही याच्या मधली जागा. न्यू जर्सीत ओशन ग्रोव्ह नावाचे मेथडिस्टांनी वसवलेले गाव आहे. समुद्रकाठच्या त्यांच्या मंडपाला, तो सगळ्यांना खुला आहे या अटीवर, करात सवलत होती. २००७ मध्ये दोन स्त्रियांना तो नाकारल्यावर त्या मंडपापुरती सवलत गेली. चर्चच्या इमारतींना धक्का लागला नाही. हे मला मापात वाटते. गाभारा, सभामंडप, अल्तार ही श्रद्धेची जागा. तिथे कोणी पाय ठेवायचा ते त्या धर्माच्या लोकांनी ठरवावे. मागच्या बाजूचा वातानुकूलित हॉल, ज्याचे भाडे, अनामत आणि भांड्यांचे दर बाहेर पाटीवर लिहिलेले आहेत, तो धंदा आहे. धंद्याला देवाचे नाव लागले म्हणून तो सोवळ्यात जात नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. आपल्याकडे धर्मस्वातंत्र्य म्हणजे नकार देणाऱ्याचे स्वातंत्र्य, असेच धरून चालले आहे. लग्न करू पाहणाऱ्याला धर्म नसतोच जणू. महाराष्ट्राचा इतिहास मात्र याच्या उलट बाजूने भरलेला आहे.

जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला भटाशिवाय पहिला विवाह लावला. वधूवरांच्या तोंडी घालायच्या मंगलाष्टका त्यांनी स्वतः रचल्या. त्यांना निर्मिकाच्या साक्षीने लग्न हवे होते. तो धर्माचाच आचार होता. अडवणारे कोण होते? ग्रामजोशी. तुम्ही मला बोलावले नाही तरी गावचा वतनदार म्हणून माझी दक्षिणा द्या, असे त्यांचे म्हणणे, आणि त्या काळच्या न्यायालयांनी अशा काही दाव्यांत त्यांची बाजूही उचलून धरली. आपल्या श्रद्धेप्रमाणे लग्न करणाऱ्याला दुसऱ्याच्या धर्महक्काचा दंड भरावा लागत होता. न बोलावलेल्या जोश्याची ही वसुली बंद करणारा कायदा मुंबई इलाख्यात व्हायला १९२६ साल उजाडले.

१८७२ च्या विशेष विवाह कायद्याची गोष्ट आणखी बोचरी. ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेन यांना आपल्या पद्धतीचे विवाह कायदेशीर व्हायला हवे होते. कायदा झाला, पण सनातनी मंडळी आणि ब्राह्मोंतलाच एक गट यांच्या विरोधामुळे तो असा झाला की, त्याखाली लग्न करणाऱ्याने आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन, ज्यू यांपैकी कोणी नाही असे लिहून द्यायचे. जातीबाहेर लग्न करायचे असेल तर आधी धर्म खाली ठेवा. हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरती ही अट सैल झाली, आणि १९५४ च्या कायद्याने ती सगळ्यांचीच सुटली. ब्याऐंशी वर्षे या देशात कुणा ना कुणाला आपल्या पसंतीच्या लग्नासाठी ‘मी माझ्या धर्माचा नाही’ अशी सही करावी लागत होती.

२०२३ च्या सुनावणीत त्याचीच सावली दिसली. १८ एप्रिलला, पहिल्याच दिवशी, सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी सांगितले की आम्ही व्यक्तिगत कायद्यांना, म्हणजे धर्माधर्मांच्या विवाह-वारशाच्या कायद्यांना, हात लावणार नाही, फक्त १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचे पाहू. व्यवहाराला धरून ते बरोबर होते. जमियत उलेमा-ए-हिंद ही मुस्लिम धर्मपंडितांची संघटना विरोधात उभी होती, केंद्र सरकारने याचिकांना शहरी उच्चभ्रूंचा विचार म्हटले होते. सगळे धर्म एकदम अंगावर घेण्यात शहाणपण नव्हते. पण याचा अर्थ असाही झाला की, ज्या दोन मुलींना सप्तपदीच हवी आहे, किंवा ज्यांना चर्चमध्येच उभे राहायचे आहे, त्यांचा प्रश्न दाराबाहेर राहिला. धर्माला त्रास नको म्हणून तुम्ही धर्मनिरपेक्ष कायद्याकडे जा. तिथे गेल्यावर बहुमताने काय सांगितले? हा कायदा व्यक्तिगत कायद्यांत इतका गुंतलेला आहे की शब्द बदलून चालणार नाही. तेही खोटे नाही: एकत्र कुटुंबाबद्दलचे कलम १९ आहे, आणि १९७६ मध्ये घातलेल्या कलम २१-अ प्रमाणे दोन हिंदूंनी या कायद्याखाली लग्न केले तरी वारसा हिंदू कायद्यानेच चालतो. म्हणजे धर्म पुढच्या दाराने वगळला आणि तो मागच्या दाराने येऊन आत बसला. विवाह करण्याचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्ती एक होते. फेरविचाराच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. पदरात पडले ते २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात: संयुक्त बँक खाते उघडता येईल, एका शिधापत्रिकेवर नावे राहू शकतील. रेशन कार्डावर एक कुटुंब, विवाहाच्या नोंदवहीत परके.

तुतिकोरिनच्या एका मंदिरात ऑक्टोबर २०१८ मध्ये एका पुरुषाचे आणि एका ट्रान्स स्त्रीचे लग्न लागले. हा समलिंगी विवाह नव्हे, हे सांगायला हवे. पण कोण कोणाला अडवते ते यातून फार स्वच्छ दिसते. देवळात विधी झाले. अडवले ते निबंधकाने. नोंद करणार नाही म्हणाला. २२ एप्रिल २०१९ ला मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने सांगितले की हिंदू विवाह कायद्यातल्या ‘वधू’ या शब्दात ट्रान्स स्त्रीही येते, नोंद करा. देवाच्या दारात जे झाले होते ते सरकारच्या दारात अडले होते.

बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. खासगी विधेयकांचे जे होते तेच त्याचे झाले. पुन्हा कोणी मांडेल, सरकार कधीतरी स्वतः आणेल, तेव्हा त्यात गुरुजींसाठी एक ओळ असावी आणि ती तळटीप म्हणून नव्हे, कायद्याच्या अंगात असावी: कोणत्याही धर्माच्या पुरोहितावर, धर्मसंस्थेवर किंवा प्रार्थनास्थळावर कोणाचाही विवाह लावण्याची सक्ती नाही, आणि नकाराबद्दल दावा नाही, अनुदान जाणार नाही. दुसरी ओळ कचेरीसाठी: कायद्याने होऊ शकणाऱ्या विवाहाची नोंद कोणत्याही सरकारी खिडकीवरून कोणाच्याही श्रद्धेच्या कारणाने परत जाणार नाही. त्याच वेळी तीस दिवसांच्या नोटिशीचे कलमही काढता आले तर बरे. नावे फळ्यावर लावून महिनाभर वाट पाहण्यात आंतरधर्मीय जोडप्यांचे काय होते ते आपण पाहतोच आहोत. या जोडप्यांचे त्याहून वाईट होईल.

पुढच्या नवरात्रात गुरुजी आले तेव्हा या दोन ओळी मी त्यांच्या पूजासाहित्याच्या यादीच्या मागे लिहून दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचल्या. ‘‘म्हणजे मी नाही म्हणू शकतो.’’

‘‘केव्हाही.’’

‘‘आणि लावणाऱ्याचं काय?’’ ते म्हणाले. ‘‘मी नाही लावणार हो. मला ते शास्त्रात बसतच नाही. कन्यादान कोणी कोणाचं करायचं, सांगा बरं. पण आमच्यातली नवीन पोरं आहेत एक-दोन, ती लावतील. त्यांनी लावलं तर ते लग्न धरणार का तुमचा कायदा?’’

यादीच्या कागदावर जागा उरली नव्हती. तिसरी ओळ मी सुपाऱ्या आणि विड्याच्या पानांच्या शेजारी, समासात लिहिली.